घराआधी जागा, जागेआधी कागद

(आपल्या वस्तीतील घरकुलांचा इतिहास)



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तुम्हीही काहीतरी लिहा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. धम्मावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक वस्तीत आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, हयातभर मिस्त्रीकाम केलेला माणूस. शेलूबाजारात आणि आजूबाजूच्या खेड्यांत किती भिंती उचलल्या याचा हिशेब ठेवला नाही. म्हणून म्हटले, आपल्याला ठाऊक आहे त्यावरच लिहावे. घरावर लिहावे.

संध्याकाळी वंदना आटोपल्यावर विहाराच्या पायरीवर उभे राहून वस्तीकडे नजर टाका. घराच्या अंगावरून त्याचे साल सांगता येते. बुटकी, एक खोली आणि वर टिनाचे छप्पर, ते इंदिरा आवासचे जुने घरकुल. त्याच्या शेजारी जरा उंच, पुढे वऱ्हांडा काढलेले आणि दारावर रमाईचे नाव रंगविलेले, ते २००८ नंतरचे. वर स्लॅब आणि बाजूला शौचालय, ते २०१६ नंतरचे. आणि वस्तीच्या कडेला, जिथे डांबरी संपते, तिथे अजून टिन आणि ताडपत्रीच्या आडोशात राहणारी चार बिऱ्हाडे दिसतील. तीही आपलीच माणसे. गरिबी तीच, जात तीच, मजुरी तीच. मग सरकारचे घर इथे आले आणि तिथे का पोहोचले नाही? या एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मागचा इतिहास पाहावा लागतो.

बाबासाहेबांनी प्रश्न कसा पाहिला

आपला भाग जुन्या वऱ्हाडातला. गाव कोणतेही असो, आपली वस्ती गावकुसाच्या कडेला. कुडाच्या भिंती, वर पऱ्हाट्या नाहीतर कवेलू. भिंत आपल्या हाताची, पण खालची जागा कोणाची, हे विचारण्याची सोय नव्हती. गावाशी वाद झाला की पहिला शब्द ऐकू यायचा, "उठा इथून." ज्याच्या पायाखालची जागा दुसऱ्याच्या मर्जीची, त्याचा आवाजही दुसऱ्याच्या मर्जीचा होतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे मुळातून ओळखले होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला मोठी परिषद भरली आणि तिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाली. त्या परिषदेत एक मागणी अशी होती की, अस्पृश्यांची स्वतंत्र गावे सरकारी पडीक जमिनीवर वसवावीत. पुढे १९४७ साली संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले. त्यात अशा वसाहतींसाठी एक आयोग नेमावा आणि सरकारने त्याला दरवर्षी किमान ५ कोटी रुपये द्यावेत, अशी योजना आहे. ती मागणी तशी मान्य झाली नाही. पण त्यांनी चार भिंती मागितल्या नव्हत्या, हे ध्यानात घ्या. त्यांनी जागा मागितली होती. जागा हातात आली की भिंत माणूस स्वतः उभी करतो, हे मिस्त्रीपेक्षा त्यांना जास्त कळत होते.

आणि घराची अडचण त्यांनी स्वतः भोगली होती. मुंबईत परळच्या बी. आय. टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत बाबासाहेब आणि माता रमाई यांनी संसार केला. ही चाळ कोणी बांधली? मुंबईत १८९६ साली प्लेग आला, माणसे मेली, तेव्हा सरकारला कळले की दाटीवाटीच्या अंधाऱ्या घरांतून रोग पसरतो. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने मजुरांसाठी अशा चाळी बांधल्या. म्हणजे रमाईने आयुष्यातली बरीच वर्षे सरकारी योजनेच्या घरातच काढली. स्वतःच्या 'राजगृहात' तिला थोडेच दिवस मिळाले. २७ मे १९३५ रोजी तिचे निर्वाण झाले. आज घरकुलाला तिचे नाव आहे, ते सार्थ आहे.

१९६४ ची मागणी

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. आपल्या वाडवडिलांनी जुने सोडले आणि बौद्ध झाले. पण कागदावर एक पेच तयार झाला. केंद्र सरकारच्या व्याख्येत बौद्ध माणूस अनुसूचित जातीत बसत नव्हता. महाराष्ट्र सरकारने १९६० साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, राज्याच्या सवलती 'नवबौद्धां'ना लागू केल्या. म्हणून राज्याच्या योजनेत आपण आत आणि दिल्लीच्या योजनेत आपण बाहेर, असे तीस वर्षे चालले.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी हे सगळे प्रश्न एकत्र बांधले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारा, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती द्या, बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा, अशा त्या मागण्या. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. लाखो लोक तुरुंगात गेले. त्यात आपल्या बाया लेकरे कडेवर घेऊन गेल्या होत्या. आज घरकुलाचा हप्ता बँकेत जमा होतो तेव्हा तो कोणा पुढाऱ्याच्या मेहरबानीने आला, असे समजण्याचे कारण नाही. त्यामागे ही तुरुंगवारी आहे.

भूखंडापासून घरकुलापर्यंत

सरकारनेही काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे होईल. भूमिहीन शेतमजुरांना घरासाठी जागा देण्याची योजना केंद्राने १९७१ साली काढली आणि १९७४ पासून ती राज्यांकडे सोपवली. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमातही बेघरांना भूखंड देण्याचे कलम होते. अनेक गावांत गावठाणाला लागून 'प्लॉट' पडले ते या काळात. ज्यांना तेव्हा प्लॉट मिळाला त्यांचे पुढचे सगळे सोपे झाले. ज्यांना मिळाला नाही, किंवा ज्यांचे कुटुंब त्या वर्षी पोटासाठी बाहेरगावी होते, त्यांची दोन पिढ्यांची अडचण तिथेच सुरू झाली.

इंदिरा आवास योजना १९८५ ची. तेव्हा ती ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाचा एक भाग होती आणि अनुसूचित जाती, जमाती व मुक्त झालेल्या वेठबिगारांसाठी होती. १९८७ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी जगभर बेघरांसाठी निवारा वर्ष म्हणून पाळले. १९८९ ला ही योजना जवाहर रोजगार योजनेत गेली, १९९३ पासून इतर गरिबांनाही खुली झाली आणि १ जानेवारी १९९६ ला स्वतंत्र योजना झाली.

पण सुरुवातीच्या त्या वर्षांत बौद्ध म्हणून नाव लिहिलेला माणूस केंद्राच्या व्याख्येबाहेरच होता. घर पाहिजे तर जुनी जात सांग, आणि बौद्ध म्हणवून घ्यायचे तर घर विसर, असा तो पेच. १९९० साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने कायदा बदलला आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. त्याच वर्षी संसदेत तैलचित्रही लागले. १९६४ ची सनद २६ वर्षांनी निम्मी-शिम्मी खरी झाली. जमिनीबाबत म्हणाल तर राज्य सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर शेती करीत असलेल्या मागासवर्गीय भूमिहीनांचे अतिक्रमण नियमित करण्याचे ठरविले. आपल्याकडे या जमिनीला गायरान कोणी म्हणत नाही, 'ई-क्लास' म्हणतात. तोच तो विषय.

मायचे दार

आता घरची गोष्ट सांगतो. माफ करा, पण तिच्यावाचून हा लेख पुरा होत नाही.

आमच्या मायचे नाव यादीत आले ते १९९६-९७ साली. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. कागदावर जिल्हा अकोला असेच होते. घरकुलाची रक्कम २०,००० रुपये. नियम असा की ठेकेदार लावायचा नाही, घर आपले आपण बांधायचे, आणि ते बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचे. मी मिस्त्री, भाऊ हाताखाली, माय आणि वहिनी पाणी आणायला. तरी पैसा लिंटलपर्यंतच पुरला. वरचे टिन आम्ही सोयाबीनच्या कापणीचे पैसे घालून टाकले.

मी मायला म्हटले, "खिडकी मोठी ठेवू का?"

माय म्हणाली, "खिडकी तुले ठेवाची तशी ठेव बाप्पा. मले आतून कडी लागनारं दार पायजे."

जन्मभर तिने तट्ट्याचे दार पाहिले होते. कुत्रे आत यायचे, पाऊस आत यायचा, आणि कोणी दारू पिऊन आला तर तोही आत यायचा. त्या रात्री तिने कडी लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर तिचे नाव चढले तो दिवस मला आठवतो. तिला वाचता येत नव्हते. तरी तो कागद तिने बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला. आमच्या घराण्यात बाईचे नाव मालक म्हणून कागदावर आले, ते पहिल्यांदा.

पण आमच्यापासून वीस पावलांवर आमची धाकटी काकू राहायची. तिचेही नाव यादीत होते. तपासणीला आलेल्या माणसाने विचारले, जागा कोणाची? जागा ई-क्लासची. सासऱ्याच्या काळापासून तिथेच राहत होते, पण कागद नव्हता. त्यांनी वहीवर रेघ मारली आणि पुढे गेले. काकू मला म्हणाली, "तुह्या मायले घर भेटलं, मले नाई. आमी का येगळे हावो का रे?" मला उत्तर देता आले नाही. तिला सांगण्यासारखे एकच होते, की तुझ्या सासऱ्याला भूखंड मिळाला नाही म्हणून तुला घर मिळत नाही. हे तिला कसे सांगायचे?

रमाई आवास आणि त्यानंतर

इंदिरा आवासची रक्कम पुढे वाढत गेली. २००४ ला २५,०००, २००८ ला ३५,०००, २०१० ला ४५,००० आणि २०१३ ला ७०,०००. ऐकायला बरे वाटते. पण सिमेंट, लोखंड आणि रेती कधी सरकारी निर्णयाची वाट पाहत नाहीत. दर वेळी रक्कम वाढेपर्यंत भाव पुढे गेलेला. म्हणून अर्धवट भिंती आणि कर्ज हे घरकुलाचे दोन शेजारी कायम राहिले.

२००८ साली राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना सुरू केली. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट होती. कारण इंदिरा आवासची यादी सगळ्या गावाची. तिथे एका वर्षी गावाला मोजकी घरे, आणि नंबर यायला कधी दहा वर्षे. रमाईत आपल्या वस्तीसाठी वेगळा हिस्सा आला. वस्तीतल्या पक्क्या घरांपैकी पुष्कळशी या योजनेची आहेत. पुढे शबरी योजना आदिवासींसाठी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना भटक्या-विमुक्तांसाठी, आणि २०२३ ला मोदी आवास योजना इतर मागासवर्गीयांसाठी आली.

२०१६ साली इंदिरा आवासची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. रक्कम १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. रमाईचीही ग्रामीण रक्कम तीच झाली. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० वेगळे. हप्ते थेट खात्यात, आणि प्रत्येक टप्प्याला फोटो. जोत्याचा फोटो गेला की पुढचा हप्ता. त्यामुळे मधले हात बरेच कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. २०२५ मध्ये राज्याने या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरांसाठी आपल्याकडून आणखी ५०,००० रुपये देण्याचे ठरविले. त्यातले १५,००० छतावरच्या सौर यंत्रासाठी आहेत.

पण यादीचा घोळ संपला नाही. आधी दारिद्र्यरेषेची यादी, मग २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीची यादी, मग राहिलेल्यांसाठी 'ड' यादी. पाहणीवाला आला त्या दिवशी घराला कुलूप असेल तर नाव गेले. आपली पोरे दिवाळीनंतर पोटासाठी पुण्या-मुंबईकडे जातात, कोणी वीटभट्टीवर जाते. ज्याला घराची जास्त गरज, तोच पाहणीच्या दिवशी गावात नसतो.

पुन्हा जागेचाच प्रश्न

जागा नसलेल्यांसाठी २०१५ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आली. जागा विकत घ्यायला ५०,००० रुपयांपर्यंत मदत, पुढे ती १ लाखापर्यंत वाढवली. योजना चांगली आहे. पण गावाजवळ विकायला जागा पाहिजे ना? आपल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईपर्यंत पुरा झाला. रस्ता आला ते बरेच झाले. पण ज्या गावाला रस्ता येतो त्या गावात जागेचा भाव एकराने बोलत नाही, फुटाने बोलतो. मजुराला तिथे कोण उभे करतो?

राहता राहिली ई-क्लास. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी ग्रामविकास विभागाने निर्णय काढला की, १ जानेवारी २०११ च्या आधीपासून शासकीय जमिनीवर राहत असलेल्यांची घरे नियमानुकूल करता येतील, म्हणजे त्यांना घरकुलाची वाट मोकळी होईल. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सांगितले होते की, गावाच्या सामाईक जमिनी वाचवल्या पाहिजेत. तेही चुकीचे नाही. गायरान बड्या लोकांनीच जास्त गिळले. पण २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा झोपडीवाल्याच्या पोटात गोळा आला. बड्याचा बंगला आणि गरिबाचा आडोसा एकाच शब्दात मोजला जातो, 'अतिक्रमण'. जो तीन पिढ्या एका जागेवर राहतो, त्याने कोणावर आक्रमण केले?

आमची काकू २०१४ साली त्याच टिनाखाली गेली. तिच्या मुलाने २०१८ च्या निर्णयाप्रमाणे अर्ज दिला आहे. जुनी मतदारयादी, घरपट्टीची पावती, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, असे कागद जमवले. फाईल फिरते आहे.

आपण काय करायचे

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट समजली. सरकारने भिंतीसाठी पैसा दिला, आणि तो वाढवतही नेला. पण जमिनीचा प्रश्न प्रत्येक वेळी पुढे ढकलला. घर हवे तर जागा पाहिजे आणि जागा हवी तर कागद पाहिजे. १९४२ ला नागपूरला जे मागितले होते, ते अजून आपल्या वस्तीच्या कडेला चार बिऱ्हाडांत शिल्लक आहे.

म्हणून वडीलकीच्या नात्याने चार गोष्टी सुचवतो. एक, ज्यांची घरे झाली त्यांनी नमुना ८ चा उतारा काढून पाहावा, आणि घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे आहे याची खात्री करावी. दोन, ई-क्लासवर राहणाऱ्यांनी प्रत्येक जुनी पावती जपावी. उंदराने खाल्लेली पावती पुन्हा मिळत नाही. तीन, ग्रामसभेला बायांसह सगळ्यांनी जावे, कारण यादीवर बोलण्याची जागा तीच आहे. ज्याचे नाव राहिले त्याच्यासाठी ज्याला घर मिळाले त्याने बोलावे. चार, विहारात एक वही ठेवावी. वस्तीतले कोण बाहेरगावी गेले आहे, कोणाची पाहणी राहिली, कोणाचा कोणता कागद कमी आहे, हे त्यात लिहावे. आपली शिकलेली पोरे मोबाईलवर सगळे काढून देतात, त्यांनी रविवारचा एक तास द्यावा.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली, छान झाले. आता पाटीखालची जमीनही त्या माणसांच्या नावे झाली पाहिजे.

विहार आपण वर्गणी काढून, श्रमदान करून बांधला. त्याच्या जोत्यात माझ्याही हातचा गिलावा आहे. पुढच्या वर्धापनदिनाला मी पायरीवर उभा राहीन तेव्हा त्या कडेच्या चार घरांना आतून कडी लागणारे दार दिसावे, एवढीच इच्छा आहे.

जय भीम. जय रमाई.